सूपभर कोंड्याला विकलेला नातू

आमच्या आत्याबाईंना भावात हरवील असा माणूस मी अकोल्याच्या भाजीबाजारात पाहिला नाही. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, गोदावरीबाई. मोर्णा नदीच्या काठी आमची बाग. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि कडेनं शेवंतीचे दोन वाफे. सकाळी टोपलं घेऊन बाजारात बसल्या की गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आधीच त्याचं बोलणं खोडून ठेवायच्या. दुसऱ्याच्या दुकानात गेल्या तर त्यांची एक हमखास युक्ती होती. आपला भाव सांगायचा आणि पाठ फिरवून चालू लागायचं. सातव्या पावलाला मागून हाक येते म्हणजे येतेच, असं त्या म्हणायच्या. देवालाही त्यांनी सोडलं नव्हतं. अकरा प्रदक्षिणा कबूल केल्या होत्या, पण ऊन लय हाय, नवात भागव बाप्पा, असं मारुतीला सांगताना मी माझ्या कानांनी ऐकलंय.

अशा बाईनं माझा पहिला मुलगा सूपभर कोंड्याला विकून टाकला. आणि मी, त्याची सख्खी आई, बाजूला उभी राहून पोट धरून हसत होते. आता माझ्याकडे असं बघू नका. आधी नीट ऐकून घ्या.

१९५८ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. बाळंतपणासाठी मला माहेरी अमरावतीला आणलं होतं. माझे वडील तिथं शाळामास्तर. येऊन चार दिवस झाले नाहीत तोच, ओसरीत बसून वालाच्या शेंगा निवडत होते आणि पोटात कळ आली. मला वाटलं, सकाळची भाकर बाधली. तसं मी आईला सांगितलंही. आईनं माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि टांगा बोलावला. दुपारी दोनला दवाखान्यात मुलगा झाला. तीन पौंड दोन औंस.

त्याला पाहून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते, लपवायचं कशाला. हा अजून पुरता शिजला नाही, असं आलं. लालबुंद, सुरकुतलेला, अंगभर बारीक लव, आणि कान इतके मऊ की एक दुमडला तो दुमडलेलाच राहिला. रडला तोही मांजराच्या पिल्लासारखा. मी त्याला नीट बघेपर्यंत त्याला उचलून नेलंसुद्धा.

तेव्हा त्या दवाखान्यात यंत्रंबिंत्रं काही नव्हती. दिवस भरायच्या आत आलेल्या मुलांसाठी एक लहानशी खोली होती, तिला सगळ्या जणी कापूसखोली म्हणायच्या. खिडक्यांवर कांबळी ठोकलेली, कोपऱ्यात शेगडीवर पाणी सदा वाफाळत असलेलं, आणि मधे लाकडी पेट्या. पेटीत कापसाची गादी, वर कापसाचीच दुलई, दोन्ही अंगांना गरम पाण्याच्या पिशव्या, आणि त्यात मूल. वऱ्हाडात कापसाला काय तोटा. त्या खोलीवर राज्य सिस्टर वच्छलाचं. परतवाड्याची, पस्तिशीची, काडीसारखी बारीक, लग्न न केलेली. बोलायची हळू, पण तिनं नको म्हटलं की डॉक्टरीणबाईसुद्धा उंबऱ्यात थांबायच्या. मला तोंडाला फडकं बांधून दिवसातून चारदा आत घ्यायची. मी वाटीत दूध काढून द्यायचं आणि तिनं ते ड्रॉपरनं थेंबथेंब त्याच्या तोंडात सोडायचं.

अकोल्याला तार गेली तशा आत्याबाई दुसऱ्या दिवशी हजर. पॅसेंजरनं बडनेऱ्यापर्यंत, पुढं टांग्यानं. सोबत आमचे हे, सूर्यभान. घेतलं बाई एकदाचं नाव. आत्याबाईंनी आल्या आल्या माझी विचारपूस नाही की पाणी नाही, थेट डॉक्टरीणबाईंना गाठलं आणि विचारलं, मूल सातव्यातलं की आठव्यातलं. आमच्याकडे समज असा की सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. डॉक्टरीणबाईंनी बोटांवर मोजून सांगितलं, आठवा लागून सहा दिवस झालेत. सहा दिवसांचं काय घेऊन बसल्या बाई, इतकं तं मागंपुढं होतेच, असं म्हणून आत्याबाईंनी जे घासायला सुरुवात केली ती पाव तास. शेवटी डॉक्टरीणबाई दमल्या आणि म्हणाल्या, बरं, सातवा धरा. आमचे हे भिंतीकडे तोंड करून हसत होते.

पण तिसऱ्या दिवशी वजन उतरलं. दोन पौंड चौदा औंस. आत्याबाईंना पौंड-औंस कळत नव्हते, त्यांचा सगळा हिशेब शेरात. पौंड म्हणजे जवळपास अर्धा शेर, असं सिस्टरनं समजावल्यापासून त्या व्हरांड्यात बसून पुटपुटत होत्या, दीड शेर होता, आता तेवढाही भरत नाही.

पाचव्या दिवशी भर दुपारी, मी आत असताना, दूध पाजता पाजता तो निळा पडला. श्वासच बंद. सिस्टरनं ड्रॉपर खाली टाकला, त्याला तळहातावर घेतलं आणि तळपायाला टिचक्या मारायला लागली. मी मोजत होते. दुसरं काय करणार. सात झाल्या तरी काही नाही. आठव्या टिचकीला तो रडला. मी होते तिथंच फरशीवर बसले आणि मला हसू फुटलं. थांबेचना. रडू यायला पाहिजे होतं, ते कुठंतरी वाट चुकलं. पुढचा दीड महिना माझं हे असंच चाललं, काहीही झालं की हसू. बाजूच्या खाटेवरची म्हणाली, हिला वारं लागलं.

आत्याबाईंनी दाराबाहेरून सगळं ऐकलं होतं. त्या हसल्या नाहीत. संध्याकाळी माझ्या खाटेशी येऊन बसल्या आणि जे कधी कोणाला सांगितलं नव्हतं ते मला सांगितलं. सूर्यभानच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. अशीच, दिवस भरायच्या आधी. तिला घरातच चुलीजवळ कापसात ठेवली होती. नऊ दिवस जगली.

"मी तिच्याकडं पाहतच राहिली, तारा," त्या म्हणाल्या. "भाकर नाही, पाणी नाही, नुसती पाहत राहिली. माहीच नजर लागली तिले."

मी म्हटलं, असं काही नसतं आत्याबाई.  तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की ह्या बाईनं नातवाला अजून पाहिलेलंच नाही. रोज कापूसखोलीच्या दारापर्यंत यायच्या आणि खोलीकडे पाठ करून उभ्या राहायच्या. मी समजत होते, थंडीचे दिवस आहेत, शेगडीची ऊब पाठीला घेताहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीवर जाऊन त्यांनी गव्हाचा कोंडा आणला. सूप माझ्या आईचं. ज्या घरात मूल टिकत नाही त्या घरानं ते दुसऱ्या बाईला कोंड्याच्या मोलानं विकायचं, अशी आमच्याकडे रीत. मूल आपलं राहिलं नाही म्हणजे आपलं नशीब त्याच्या मागं लागत नाही. धोका टळला की परत घ्यायचं. विकत घेणारी मात्र लेकुरवाळी पाहिजे. आत्याबाई सूप घेऊन सरळ सिस्टर वच्छलापुढं उभ्या राहिल्या.

सिस्टरला आधी कळेचना. कळलं तेव्हा ती हळूच म्हणाली, मला मूलबाळ नाही आजी, दुसरी कोणी बघा. आत्याबाईंनी उलट विचारलं, ह्या खोलीतून जिते असे किती बाहेर गेले. सिस्टरनं जरा आठवलं आणि सांगितलं, सत्तेचाळीस.

"मंग सत्तेचाळीस लेकराईची माय हायेस तू," आत्याबाई एकदम अगंतुगंवर येऊन म्हणाल्या. "तुह्यापेक्षा लेकुरवाळी अमरावतीत कोणी असंल तं दाखव मले."

सिस्टर खाली बघायला लागली. तिचे कान लाल झालेले मी पाहिले. मग म्हणाली, द्या.

आता अडचण अशी की कोंडा विकत घेणारीनं द्यायचा असतो, आणि सिस्टरकडे कुठला कोंडा. म्हणून आत्याबाईंनी सूप तिच्या हातात दिलं आणि पदर पसरून तिच्यापुढं उभ्या राहिल्या. सिस्टरनं कोंडा पदरात ओतला. आत्याबाईंनी पदर हलवून पाहिला आणि सवयीनं बोलून गेल्या, सूप काही शिगेचं नव्हतं बाई, थोडा वर घाला. स्वतःच आणलेला कोंडा. सगळा वॉर्ड हसायला लागला, आणि माझं तर विचारूच नका. मुलगा विकला तो असा.

विकला म्हणजे विकला. त्या दिवसापासून आत्याबाईंच्या तोंडी "बाईचं पोट्टं". आमचे हे एकदा चुकून आपला मुलगा म्हणाले तर त्यांच्यावर असे डोळे वटारले की ते त्याच पावली टपरीवर चहा प्यायला निघून गेले. आणि मी कोण, तर दुधाचा रतीब घालणारी. माझी दूध द्यायची वेळ झाली की साऱ्या वॉर्डात आरोळी उठायची, रतीबवाली निघाली. बागेचं काम सोडून चालत नव्हतं, म्हणून आत्याबाई अकोल्याला जाऊन-येऊन असायच्या. दर तीन दिवसांनी पॅसेंजर, मग टांगा, मग दारात पाठ करून उभं राहायचं आणि भिंतीला विचारायचं, काय म्हणते बाई तुमचं पोट्टं. सिस्टर आतून तितक्याच शांतपणे सांगायची, माझं बरं आहे, तुमच्याकडे काय चाललंय.

पंधराव्या दिवशी आत्याबाई एक गाठोडं घेऊन आल्या. त्यात घुटीचं सामान, काजळाची डबी, धुरीसाठी ओवा, मनगटाला बांधायचा काळा दोरा. गाठोडं त्यांनी तोंड न वळवता मागच्या मागं आत सरकवलं. सिस्टरनं ते उघडून पाहिलं आणि विचारलं, आजी, मूल कोणाचं. आत्याबाई म्हणाल्या, तुमचं. मग माझ्या मुलाला काय द्यायचं आणि काय नाही ते मी बघते, असं म्हणून सिस्टरनं गाठोडं बांधून परत केलं.  स्वतः केलेल्या सौद्यात आत्याबाई जन्मात पहिल्यांदाच अडकल्या होत्या. पण राग नाही हं. माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, हुशार बाई हाय, भाजीच्या धंद्यात असती तं मले उठवली असती बाजारातून.

इकडे वजन चढायला लागलं. तीन पौंड. सव्वातीन. आत्याबाई लगेच शेर-छटाक करून टाकायच्या. एका दिवसात एक औंस चढला की त्यांच्या हिशेबानं अर्धा छटाक, म्हणजे चिमूटभर, पण त्या चिमटीसाठी सगळ्या खाटा सकाळपासून कान देऊन बसायच्या. महिन्याच्या आत तो ड्रॉपर सोडून माझ्या अंगावर प्यायला लागला, त्या दिवशी तर मी हसत होते आणि रडतही होते, आणि सिस्टर म्हणाली, दोन्हीपैकी एक काहीतरी करा, मूल हलतंय.

दहा जानेवारीला काटा बरोबर चार पौंडांवर आला. चार दिवसांवर संक्रांत. नातवाचं बोरन्हाण घरी करायचं आत्याबाईंच्या डोक्यात बसलेलं, आणि सिस्टरचा नियम असा की पाच पौंड झाल्याशिवाय मूल खोलीबाहेर जात नाही. आत्याबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या तेव्हाच मी ओळखलं, आज सौदा आहे. दारात पाठ करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, चारात द्या बाई. सिस्टर म्हणाली, पाच. सव्वाचार, सणाचे दिवस हायेत. पाच. साडेचार, याच्यावर एक औंस देत नाही. सिस्टर म्हणाली, पाच, आजी, माझ्या दुकानात एकच भाव आहे.

मग आत्याबाईंनी हुकमी पान काढलं. चालू लागल्या. बारा खाटांवरच्या बारा बाया पावलं मोजायला लागल्या. पाच. सहा. सातवं पाऊल पडलं. हाक नाही. आठवं पडलं, दहावं पडलं. आत्याबाई जिन्यापर्यंत पोचल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. बराच वेळ उभ्या राहिल्या. मग पदर सारखा करत आपल्या आपण परत आल्या आणि म्हणाल्या, पिशवी विसरली होती. पिशवी त्यांच्या काखेत होती. पोट चिरून बाळंत झालेली एक बाई हात जोडून म्हणत होती, नका ग हसवू, माझे टाके जातील.

सिस्टर तेवढी हसली नाही. दारात येऊन तिनं हळूच सांगितलं की असंच एकदा घरच्यांनी फार धरलं म्हणून तिनं एक मुलगी साडेचार पौंडांवर सोडली होती. आठ दिवसांनी ती परत आली, छाती भरलेली. त्या सत्तेचाळिसांत ती नाही.  आत्याबाई भिंतीला म्हणाल्या, पाच तं पाच. आणि त्या वर्षी संक्रांत आमच्या घरी झालीच नाही म्हणा ना.

सव्वीस जानेवारीला सकाळी काटा पाच पौंड आणि वर अर्धा औंस दाखवू लागला. आत्याबाई आदल्या दिवशीच येऊन राहिल्या होत्या. सोडवून घ्यायला त्यांनी शिगेचे सूपभर गहू आणले होते, आणि त्यात घासाघीस केली नाही. सिस्टरनं गहू ठेवून घेतले. वॉर्डातल्या सगळ्या बाया, ज्यांना उठता येत होतं त्या आणि ज्यांना येत नव्हतं त्याही, दारापाशी जमल्या. कोणीतरी पेढे आणले होते. सिस्टर बाळाला दुपट्यात गुंडाळून घेऊन आली, आणि माझ्याकडे न देता तिनं त्याला आत्याबाईंच्या हातांवर ठेवलं. ज्यांनी विकलं त्यांनीच घ्यायचं.

आत्याबाईंनी डोळे गच्च मिटले होते. बाया ओरडायला लागल्या, बघा ना आजी, बघा ना. मी म्हटलं, आत्याबाई, नाक तुमच्यावर गेलंय. तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. बावन्न दिवसांनी. आणि नुसत्या बघत राहिल्या.

"हे लय लहान हाय वं," त्या म्हणाल्या.

सिस्टर म्हणाली, पाच पौंड आहे, काटा तुमच्यासमोर होता. आत्याबाई म्हणाल्या, अडीच शेर म्हणजे काय बाई, फुलकोबीचं गड्डं राहते अडीच शेराचं. आठ दिवस ठेवा अजून. साडेपाच होऊ द्या. सिस्टर म्हणाली, पाच ठरलं होतं, आजी. साडेपाच. पाच. बरं, सव्वापाच, अन् तुमचंच म्हणा त्याले, मी काही म्हणत नाही. आम्ही सगळ्या खोखो हसत होतो. जिनं चारात मागितलं ती आता साडेपाचावर चढली होती, सौदा उलटा चालला होता. मग मला त्यांचे हात दिसले. दुपट्याची झालर हलत होती इतके ते थरथरत होते. माझं हसू तिथंच बसलं. 

"माह्या हातात राहिली नव्हती ते," आत्याबाई म्हणाल्या. "नऊच दिवस."

सिस्टर पुढं झाली आणि तिनं आपले दोन्ही हात त्यांच्या हातांखाली धरले.

"मला येतं तेवढं सगळं माझं करून झालं, आजी," ती म्हणाली. "आता त्याला काम सोडून, खाणंपिणं सोडून, नुसतं बघत बसणारं कोणीतरी पाहिजे. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही."

आत्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं.  त्यांची बोटं दुपट्याभोवती आवळली गेली. सिस्टरनं आपले हात हळूच काढून घेतले.

वॉर्डापासून फाटकापर्यंत दोन मिनिटांची वाट. आम्हांला अर्धा तास लागला. आमचे हे पुढं जाऊन टांगा उभा करून आले, परत येऊन पाहतात तो आम्ही अजून आवारातल्या लिंबाखालीच. आत्याबाई खाली बघतच नव्हत्या, दगड नाही, पायरी नाही, काही नाही, म्हणून मी त्यांचं कोपर धरून त्यांना आंधळ्यासारखी चालवत होते. फाटकावरच्या चौकीदारानं कागद मागितला. मी पिशवीत शोधायला लागले. तोवर त्यानं रीतीप्रमाणे विचारलं, मूल कोणाचं.

"माहा हाय," आत्याबाई म्हणाल्या, आणि बाळाच्या तोंडावरची नजर काही त्यांनी काढली नाही.